हार पडण्याआधीची तसबीर

नांदेड-लातूरकडच्या घरात पाय ठेवला की समोरची भिंतच घराची ओळख करून देते. कुठे तुळजाभवानी, कुठे माहूरची रेणुका, कुठे बुद्ध आणि बाबासाहेब, नांदेडात एखाद्या घरी सचखंडाचे सोनेरी घुमट. त्यांच्या शेजारी, वरच्या बाजूने जरा पुढे झुकलेली, आजोबांची तसबीर. काचेवर गंधाचा टिळा, त्यावर चंदनी हार. या भिंतीवर जागा मिळवायची तर देव तरी व्हावं लागतं, नाही तर मरावं तरी लागतं. नवराबायकोचा लग्नातला फोटो तेवढा अपवाद. बाकीची हयात माणसं फोनच्या गर्दीत, बोटाखालून सरकत राहणारी. खरं तर मोठा फोटो माणूस चालताबोलता असतानाच निवडावा, मढवावा आणि त्याच्या देखत लावावा. ही नुसती हौस नाही. यात मायेइतकाच हिशेबही आहे.

आधी हिशेबच पाहू. बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण 4000 बाय 3000 ठिपके. इंचाला 300 ठिपके धरले तर तो तेरा बाय दहा इंचांपर्यंत खणखणीत छापतो. चार-पाच फुटांवरूनच पाहायचा असेल तर इंचाला दीडशे ठिपकेही पुरतात आणि तोच फोटो दुप्पट मोठा होतो. पण आपल्याकडे मोठा फोटो करायची वेळ येते ती घाईत, तेराव्याच्या आत. तेव्हा हाताशी असतो लग्नाच्या घोळक्यातला, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो. तिथे चित्र सहसा आकसून लांबीला सुमारे 1600 ठिपक्यांवर येतं. एका रांगेत दहा माणसं असली तर एकेकाच्या वाट्याला दीडशेच्या आसपास, त्यात चेहऱ्याला जेमतेम ऐंशी. तोच चेहरा मढवलेल्या फोटोत पाच इंच रुंद करायचा म्हटलं तर इंचाला सोळाच ठिपके उरतात. कलर लॅबवाल्याने कितीही जीव ओतला तरी तो नसलेले ठिपके आणणार कुठून? आता ए.आय. आहे, ते चेहरा उजळून देतं, असं कुणी म्हणेल. देतं खरं. पण नाहीसा झालेला तपशील ते अंदाजाने भरतं. त्वचा गुळगुळीत होते, डोळे पाणीदार होतात आणि ओठाच्या कडेची खास मुरड पुसली जाते. रोज ज्याला नमस्कार करायचा तो चेहरा त्या माणसाच्या चुलत भावाचा वाटू लागतो.

यावर पहिला आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा: जित्या माणसाचा फोटो असा टांगू नये, बरं दिसत नाही. ही समजूत हसण्यावारी न्यावी अशी नाही, कारण तिच्यामागे मरणाचं भय आहे. पण ती दिसते तितकी पक्की नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा हैदराबादेत राजा दीनदयाळ सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. 1892 साली त्यांनी तिथे पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओही काढला. हयातीत आपलं चित्र काढून घेणं ही त्या काळी ऐपतीची, दिमाखाची गोष्ट होती, अशुभाची नव्हे. गरिबाच्या घरी फोटोचा खर्च आयुष्यात एकदाच झेपायचा आणि तो बहुधा अखेरीला व्हायचा. ऐपतीच्या अडचणीलाच पुढे रीतीचं रूप आलं असावं. आणि आज? लातूरच्या वा नांदेडच्या कुठल्याही चौकात बघा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पुढाऱ्याचा चेहरा खाटेएवढा, शेजारी कार्यकर्त्यांचे चेहरे ताटाएवढे. सगळे हयात, सगळे हसरे. चौकात जे शुभ ठरतं ते बैठकीत अशुभ कसं?

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: सगळं फोनमध्ये आहे, भिंत कशाला अडवायची? आणि भिंतीचा तरी काय भरवसा? हा प्रश्न या भागात फार खोलवर लागतो. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंपाने किल्लारी-सास्तूर पट्ट्यात दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या, आणि त्या भिंतींवर जे टांगलेलं होतं तेही ढिगाऱ्यात गेलं. तसबीर अमर नसते हे या मातीला वेगळं सांगायला नको. पण त्या काळी फोटोला दुसरं घर असे: स्टुडिओतली निगेटिव्ह. ती शाबूत असली तर फोटो पुन्हा निघे. आज फोटो आणि त्याचं मूळ एकाच फोनमध्ये नांदतात. फोन हरवला, किंवा मालकाबरोबर त्याचा पासवर्ड गेला, की दोन्ही एकदम जातात. म्हणून कागद की फोन, असा हा वादच नाही. मूळ फाइल दुसऱ्या गावी, लेकीकडे वा भावाकडे ठेवावी, आणि एक प्रत भिंतीवर. फोनमधला फोटो शोधला तर दिसतो. भिंतीवरचा न शोधता दिसतो, आणि घरातली लहान मुलं पणजीला ओळखायला शिकतात ती अशी न शोधताच.

तसबीर टिकवायची तर थोडी शिस्त हवी. चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात थेट ऊन येणारी भिंत टाळावी. उन्हाने रंग उडतात. फोटो आणि काच यांच्यात पुठ्ठ्याची चौकट घालून बोटभर नाही तरी कणभर अंतर ठेवायला सांगावं, नाही तर पावसाळी ओलीत कागद काचेला चिकटतो. फोनचा फोटो चारास तीन या मापाचा, बाजारातला बारा बाय अठराचा कागद तिनास दोनचा. म्हणून आडव्या फोटोत वरखालचं आणि उभ्या फोटोत दोन्ही बाजूंचं काय कापलं जाणार ते छापण्याआधी पाहावं, नाही तर आईचा पदर किंवा बापाचा फेटा कातरीत जातो.

मात्र हयातीत फोटो लावण्याचं सर्वांत मोठं कारण ना ठिपक्यांत आहे ना काचेत. माणूस गेल्यावर त्याचा फोटो दुसरे निवडतात, आणि घाईत हाती येतो तो आधार कार्डावरचा दचकलेला चेहरा. शेतात राबून रापलेली आजी मात्र समोर बसली असेल तर म्हणू शकते, हा नको, त्यात मी फार दमलेली दिसते. तो लावा, खळ्यावरचा. आपण पुढच्यांना कसं दिसावं हे ठरवण्याचा पहिला हक्क ज्याचा चेहरा त्याचाच, आणि तो हक्क जित्या माणसालाच बजावता येतो.