कोणत्या महिन्यात?

शाळेत इतिहास शिकवताना मी एक वाक्य बिनदिक्कत बोलत असे : इंग्रजांनी खानदेशातल्या भिल्लांना माणसाळवलं. वर्गात भिल्ल, पावरा मुलं बसलेली असत. ती खाली बघत. मला ते दिसत नसे, की दिसूनही चालत असे? दुसरंच खरं असावं.

लढाईतली अक्कल माझ्या लेखी साहेबाची. असईच्या लढाईची गोष्ट मी रंगवून सांगे. 23 सप्टेंबर 1803. वाटाडे म्हणतात, नदीला इथे उतार नाही. इंग्रज सेनापती वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसतात. मग जा-ये असणारच, असा कयास बांधून तो फौज पार नेतो. हुशारी खरीच. पण ज्या उतारातून गावकरी रोजच ये-जा करत, त्याचं सगळं श्रेय मी दुर्बिणीला देऊन मोकळा झालो होतो.

निवृत्तीनंतर पळासनेरच्या पुढे सातपुड्यात गेलो, हातात नकाशा घेऊन. समोरच्या डोंगरापलीकडच्या पाड्यावर जायला किती वेळ लागेल, असं एका पावरा म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "कोणत्या महिन्यात, गुरुजी?"

मी हसलो. त्याला प्रश्न कळला नाही, असं मला वाटलं. मग तो शांतपणे सांगत गेला. पावसाळ्यात नाला चढतो, लांबचा वळसा पडतो. चैत्रात नाल्याच्या पात्रातूनच चालायचं, पण पाणी एकाच झिऱ्याला. सोबत बायापोरं असली तर वाट वेगळी, रात्री निघायचं तर आणखी वेगळी. माझ्या नकाशात बाराही महिने एकच रेघ होती. अडाणी कोण, हे तिथे उन्हात उभं राहून कळलं, आणि त्याची लाजही वाटली.

घरी येऊन जुनीच पुस्तकं पुन्हा काढली. 1818 मध्ये थाळनेर, अमळनेर इंग्रजांनी घेतलं. किल्ल्यांपुढे तोफा चालल्या. डोंगरात मात्र पुढची सात वर्षं भिल्लांचं बंड धुमसत राहिलं. घाटांच्या तोंडाशी चौक्या बसवल्या, तर शिपाई तापाने पडत. 1825 मध्ये औट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. त्याला मी उदारपणा म्हणत होतो. सरकारला वाटा हव्या होत्या, पाणवठे हवे होते. ते या माणसांच्या पायांत होते, म्हणून पगार देऊन माणसंच घेतली.

आणि भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक? सेंधव्याच्या घाटाचा पहारा हीच त्याची नोकरी. 1857 मध्ये तोच उलटला, आणि घाट राखणाऱ्याच्याच हाती घाट गेला. 11 एप्रिल 1858 ला अंबापाणीला त्याच्या लोकांना इंग्रजांनी गाठलं. ऐन उन्हाळा. उरल्यासुरल्या पाण्यापासून त्यांना लांब जाता आलं नसेल, हा आपला माझा तर्क.

धरणगावच्या शिपायांना मी काही वर्षं फितूर म्हणून पाहिलं. आता तसं म्हणवत नाही. खाज्याला नुसता शूर म्हणूनही भागत नाही.