उपासाला गोळी चालते

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार, केडगाव
घटस्थापना. पहाटे चारपासून रस्ता जागा. नगरहून बायका अनवाणी देवीला चालल्यात. मीही दर्शन घेऊन आले. आता नऊ दिवस या उपासांनी माझ्या जिवाला घोर लागणार, हे दरवर्षीचं.

५ ऑक्टोबर, शनिवार
एका आईने मुलाच्या गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी केली. पाकिटांच्या मागे पेनाने वार लिहिलेत, तिच्याच अक्षरात. बुधवारपर्यंतच्या गोळ्या संपलेल्या, गुरुवार-शुक्रवारच्या तशाच.
“उपास धरलेत त्याने, ताई. गोळीने उपास मोडतो म्हणतात घरचे.”
मुलाला कानात आवाज यायचे. सहा महिन्यांत कुठे ते मंदावलेत. मी समुपदेशन करते, औषध माझ्या हातात नाही. त्याच्या डॉक्टरांना लगेच फोन केला. आजपासून रात्रीची गोळी फराळानंतर पुन्हा सुरू करायची ठरलं. पण घरात शब्द आजींचा चालतो. आईला तिथूनच त्यांना फोन लावायला सांगितला.
“आजी, तुमची शुगरची गोळी बंद केली का?”
“ती कशी बंद करू बाई?”
“मग याची का केली?”
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता. मग म्हणाल्या, “आजपासून मीच देते.”
श्रद्धेला मी हात लावला नाही. लावणारही नाही. त्या घराला उभं राहायला दुसरं आहेच काय?

८ ऑक्टोबर, मंगळवार
लिथियम चालू असलेल्या एक बाई, निर्जळी धरून आलेल्या. हात थरथरत होते. पाणी आणि मीठ कमी पडलं की लिथियम रक्तात साठतं, विषासारखं भिनतं. पाणी पाजलं, रिक्षाने सरळ डॉक्टरांकडे नेलं, रक्त तपासायला दिलं. रात्री जेवण गेलं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार
जागतिक मानसिक आरोग्य दिन. भाषणाला गेले नाही, अरणगावला मेहेरबाबांच्या मेहेराबादला जाऊन बसले. १९३६ साली मेहेरबाबांनी राहुरीत वेड्यांसाठी आश्रम काढला होता. तिथल्या रुग्णांना बाबा स्वतःच्या हाताने अंघोळ घालत. आज शिंगव्याला माऊली सेवा प्रतिष्ठानात डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे रस्त्यावरून आणलेल्या मनोरुग्ण बायकांचं तेच करतात. आम्ही खुर्चीवर बसून ऐकणारे. ऐकूनही माणूस थकतो, आणि थकलं की चिडचिड समोरच्यावरच निघते. मंगळवारी त्या बाईंवर माझा आवाज चढला होता. उद्या फोन करून माफी मागायची.

१२ ऑक्टोबर, शनिवार
दसरा. त्या आईचा फोन : “ताई, आज न सांगता अंघोळ केली त्याने. आपट्याची पानंही त्यानेच आणली.” गुरुवारपासून ती अंघोळीसाठी मागे लागली होती.
संध्याकाळी दारावर कागद चिकटवला : ‘उपासाला गोळी चालते. बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस, १४४१६. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.’