मापक कोठे ठेवावा?

गेल्या उपवासकाळातील ही गोष्ट. आमच्या घरचा संगणक दुपारच्या वेळी अचानक बंद पडू लागला. थोरला चिरंजीव पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याचे आराखड्यांचे सारे काम त्यावरच चालत असे. एके दिवशी त्याचे चार तासांचे काम वाया गेले. त्याला धीर देण्याऐवजी मी त्याच्यावरच बरसलो. "रात्र रात्र जागून खेळ खेळतोस, त्याचे हे फळ!" असे म्हणून, ज्या कप्प्यात यंत्र ठेवले होते त्याची किल्ली मी खिशात घातली. यापुढे दिवसाला दोनच तास ते चालेल, असा नियमही केला.

"बाबा, मी खेळत नाही. यंत्र तापतं आहे," तो म्हणाला.

मी दिवाणखान्यात पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी टांगलेल्या तापमापकाकडे बोट दाखवले. पारा 33 अंशांवर होता. "एवढ्याने यंत्र तापत नसते," असा मी निकाल दिला. पुढचे आठ दिवस पोरगा माझ्याशी कामापुरतेच बोलला.

अखेर मुलांच्या आईने आमच्याच धर्मग्रामातील एका तरुण तंत्रज्ञाला बोलावले. त्याने पाच छोटे तापमापक आणले. प्रत्येकाला बारीक तार होती आणि तारेच्या टोकाला मण्याएवढा संवेदक. मी म्हटले, "एक लावला की पुरे." तो हसून म्हणाला, "काका, मापक जेथे असतो तेथलेच सांगतो. दोन जागांमधला फरक पाहिला तरच दुखणे कळते."

पहिला मणी त्याने खोलीत, यंत्रापासून दूर आणि ऊन लागणार नाही असा ठेवला. दुसरा पेटीच्या पुढच्या जाळीशी, जेथून पंखा हवा आत ओढतो तेथे. तिसरा प्रोसेसरवरील पंख्यासमोर दोन बोटांच्या अंतरावर. धातूच्या पात्यांना तो टेकला तर हवेचे नव्हे, पात्यांचेच तापमान दाखवील, म्हणून त्याने तो अधांतरी बांधला. चौथा मागच्या पंख्यापाशी, जेथून तापलेली हवा बाहेर पडते तेथे. पाचवा उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने हार्ड डिस्कच्या अंगाला घट्ट चिकटवला. प्रोसेसरच्या पोटात त्याचा स्वतःचा संवेदक असतोच. त्याचा आकडा पडद्यावर वाचता येतो. प्रोसेसर आणि त्यावरील धातूचा ठोकळा यांच्यामध्ये मात्र तार कधीही घालू नये. त्यांचा संपर्क तुटतो आणि उष्णता आतच कोंडते.

मग त्याने पेटीचे झाकण लावले. झाकण उघडे असले की हवेची वाट बदलते आणि आकडे फसवतात. यंत्र पूर्ववत कप्प्यात ठेवून त्याने दार लोटले, त्याला जड काम दिले आणि आम्ही अर्धा तास थांबलो.

खोली 33, पुढची जाळी 41, प्रोसेसरचा पंखा 50, मागचा पंखा 54, हार्ड डिस्क 52. खुद्द प्रोसेसर 99! शंभराच्या आसपास अनेक प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतात. त्याहीपुढे उष्णता गेली की यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडते.

तंत्रज्ञाने पहिल्या दोन आकड्यांवर बोट ठेवले. "खोलीत 33 आणि जाळीशी 41. म्हणजे मागून बाहेर पडलेली ऊन हवा फिरून पुन्हा पुढून आत येते आहे. पंख्यांचा दोष नाही. या कप्प्याला हवा जायला वाटच नाही."

तो कप्पा मीच करवून घेतला होता. धूळ बसू नये म्हणून दार बंद ठेवण्याचा हट्टही माझाच, आणि पेटीच्या वरच्या जाळीवर विणलेला रुमालही मीच पसरला होता. यंत्र बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवले, रुमाल दूर केला. अर्ध्या तासाने पुढच्या जाळीशी 34, मागे 42 आणि प्रोसेसर 81.

चिरंजीव शेजारीच उभा होता. तो काहीच बोलला नाही, हेच मला अधिक लागले. मी घराची ऊब दिवाणखान्याच्या भिंतीवर मोजत होतो. ज्याला चटका बसत होता त्याच्याजवळ मापक नेलाच नव्हता. त्याने तोंडाने सांगितले तेही ऐकले नव्हते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलाशी समेट केल्याशिवाय वेदीपुढे कोणत्या तोंडाने जावे?

त्या रात्री जपमाळ संपल्यावर मी सर्वांसमोर म्हणालो, "चूक माझी होती. तुझ्यावर मी खोटा आळ घेतला. मला क्षमा कर."

तो क्षणभर गोंधळला, मग म्हणाला, "असू द्या, बाबा. आता रात्री थोडा वेळ बसू का? काम राहिलंय."

वाचकहो, आपल्या घरी संगणक असेल तर त्याच्या पुढची, मागची आणि वरची जाळी मोकळी ठेवा. आणि घरातले एखादे मूल "तापतं आहे" असे म्हणाले, तर भिंतीवरच्या पाऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी आधी त्याच्याजवळ जा.