मावशींच्या देवाची नावं



दिवाळीच्या आधी किंवा घरात लग्न निघालं की सुका मेवा आणायला आपल्यातल्या निम्म्या जणी मशीद बंदरला जातात. मीही मुलुंडहून स्लो लोकल पकडून जाते. त्या स्टेशनच्या नावातली मशीद म्हणजे ज्यू लोकांचं जुनं प्रार्थनाघर, असं सांगतात. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी ते बांधलं. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुखरूप सुटलो तर मुंबईत देवाचं घर बांधीन, असा त्यांचा नवस होता म्हणे. आसपासचे लोक त्याला जुनी मशीद म्हणत, पण त्याचं खरं नाव 'शआर हारहामीम', म्हणजे दयेचं दार.

हे मला आमच्या शेजारच्या मावशींनी सांगितलं. त्या बेने इस्रायल, माहेर अलिबागकडचं, बोलणं तुमच्या-माझ्यापेक्षा अस्सल मराठी. पुढे म्हणाल्या, "अगं, हिब्रूत रहामीम म्हणजे दया आणि रेहेम म्हणजे बाईची कूस. शब्द एकाच मुळातले. देवाला दयाळू म्हणायचं तर आधी आईचं पोट आठवतं." तेव्हापासून मला त्यांच्या देवाच्या नावांचा नाद लागला. मावशींकडून काही ऐकलं, काही वाचलं, आणि आज ते तुम्हाला सांगावंसं वाटतंय. आपण जैन, सृष्टी निर्माण करणारा देव आपण मानत नाही, मग आपल्याला याचं काय, असं कोणी म्हणेल. वाचून बघा.

आधी ही माणसं कोण ते थोडक्यात. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात जोडपी वाचली, अशी त्यांची कथा. कोकणात ते तेलाचा घाणा चालवू लागले आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर. काळाच्या ओघात ग्रंथ गेले, हिब्रू भाषा गेली. उरली सुंता, शनिवारचा विसावा, खाण्याचे नियम आणि एक प्रार्थना, 'शेमा'. शेमा म्हणजे 'ऐक'. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या माणसानं त्यांना ओळखलं ते स्वयंपाकघरातून. त्यानं बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली, आणि त्यांनी खवले व पर नसलेली बाजूला काढली, अशी कथा सांगतात. (मासळीचा उल्लेख माझ्या लिखाणात पहिल्यांदाच आला, माफ करा. पण सगळं विसरलेल्या समाजाचा धर्म बायकांच्या निवडण्या-टिपण्यात जिवंत राहिला, ही गोष्ट आपल्याला नाही कळणार तर कोणाला?)

आता नावं.

त्यांच्या देवाचं खरं नाव चार अक्षरांचं: यूद, हे, वाव, हे. त्यांच्या शास्त्रात ते सहा हजारांहून जास्त वेळा लिहिलेलं आहे, आणि ते कोणी उच्चारत नाही. पूर्वी जेरुसलेमच्या मंदिरात मुख्य पुरोहित योम किप्पूरच्या दिवशी ते उच्चारत असे. योम किप्पूर म्हणजे त्यांचा क्षमेचा दिवस. आपल्या क्षमावाणीची आठवण यावी असा, आणि उपास निर्जळी. इसवी सन ७० मध्ये रोमन लोकांनी ते मंदिर पाडलं आणि तो उच्चारही थांबला. वाचताना ती चार अक्षरं आली की 'अदोनाय' म्हणायचं, म्हणजे 'माझे स्वामी'. साध्या बोलण्यात तर तेही नाही, 'हाशेम' म्हणायचं. हाशेमचा अर्थ फक्त 'ते नाव'. मला एकदम माझी आजी आठवली, सांगलीकडची. तिनं जन्मात कधी आजोबांचं नाव घेतलं नाही, 'हे' म्हणायची. उखाण्यापुरतं काय ते तोंडातून बाहेर पडलं असेल. मी हे मावशींना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. "तसंच गं, पण भीती नव्हे. मान."

त्या चार अक्षरांचा अर्थ काय? असणे या क्रियापदाशी त्यांचा संबंध जोडतात. मोशेनं जेव्हा नाव विचारलं, तेव्हा उत्तरात नाम आलंच नाही, 'असणे'चं एक रूप आलं. मी आहे तो आहे, किंवा मी जो असेन तो असेन, दोन्ही अर्थ त्यातून निघतात. मला हे आवडलं. राजा, मालक, कर्ता यांतलं काही नाही, फक्त असणं.

दुसरं नाव 'एल', म्हणजे देव. ते किती ठिकाणी लपलंय बघा. पनवेलच्या आणि रेवदंड्याच्या सिनेगॉगचं नाव बेथ एल, देवाचं घर. डॅनिएल, सॅम्युएल, एझिकेल या सगळ्यांच्या शेवटी तोच. आपले मुंबईचे कवी निसिम एझिकेल याच समाजातले. त्यांच्या आडनावाचा अर्थ 'देव बळ देतो', आणि निसिम म्हणजे चमत्कार. कोकणात मात्र सॅम्युएलचा सामाजी झाला आणि एझिकेलचा हसाजी. मराठी जिभेनं शेवटचा देव काढला आणि तिथे 'जी' लावला!

याच 'एल'शी नातं असलेलं 'एलोहीम'. हे रूप अनेकवचनी, पण देवासाठी वापरलं की बहुतेक वेळा क्रियापद एकवचनी येतं. अभ्यासक याला मोठेपणाचं अनेकवचन म्हणतात. आपल्याकडे आदरार्थी अनेकवचन आहे, 'बाबा आले', 'महाराज आले'. पण देवासमोर उभं राहिलं की आपण सरळ एकवचनावर येतो. मुनीमहाराजांना 'आपण' आणि भगवंताला 'तू'. सासूबाईंना मी तीस वर्षं 'अहो आई' म्हटलं, पण पार्श्वनाथांना 'अहो' म्हणायचं कधी सुचलं नाही.

मराठी बायबलमध्ये त्या चार अक्षरांच्या जागी 'परमेश्वर' हा शब्द घातलाय. एलोहीमला 'देव', अदोनायला 'प्रभू'. परमेश्वर म्हणजे परम ईश्वर, सर्वांवर सत्ता असलेला. आपला शब्द त्याच्या अगदी शेजारचा, परमेष्ठी. त्याच्या मुळाशी सत्ता नाही, 'स्था' आहे: परम स्थानी असलेला. गंमत म्हणजे त्यांच्यातही देवाला 'हामाकोम' म्हणतात, म्हणजे 'ती जागा'. मावशींचे यजमान गेले तेव्हा सात दिवस घरचे खाली बसले होते. भेटायला येणारे हिब्रूत सांत्वनाचं एक वाक्य म्हणत, त्यात हाच शब्द होता. मी दाराशी उभी राहून ऐकत होते. ज्यांच्या घरातली एक जागा कायमची रिकामी झाली, त्यांना 'ती जागा' तुमचं सांत्वन करो असं म्हणायचं. मला पुढे बोलवेना.

मावशींच्या दाराच्या उजव्या चौकटीवर एक बोटाएवढी डबी तिरकी ठोकलेली होती, मेझुझा. आत चामड्याच्या पातळ पट्टीवर शाईनं हाती लिहिलेली शेमा, आणि पट्टीच्या मागच्या बाजूला एक नाव, 'शद्दाय'. येता-जाता मावशी तिला बोटं लावून ओठांना लावत. शद्दायचं भाषांतर सहसा 'सर्वसमर्थ' असं करतात. काही अभ्यासक डोंगराशी संबंध जोडतात, काही स्तनाशी, कारण हिब्रूत स्तनाचा शब्द 'शद' आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबानं मुलाला दिलेल्या आशीर्वादात शद्दाय हे नाव येतं, आणि त्याच ओळीत स्तनांचा आणि कुशीचा आशीर्वादही येतो. शिवाय त्या नावाच्या तीन अक्षरांतून 'इस्रायलच्या दारांचा राखणदार' असाही अर्थ काढतात. दाराच्या चौकटीला तो शोभतो.

आणखी एक, हे आपल्या कामाचं आहे. लिहिलेलं ते नाव पुसायचं नाही, फाडायचं नाही, फेकायचं नाही. काही ज्यू लोक इंग्रजीत देव लिहितानासुद्धा मधलं अक्षर गाळून आडवी रेघ देतात. जीर्ण झालेले ग्रंथ एका कोठडीत ठेवतात, तिला गनिझा म्हणतात, आणि पुढे ते पुरतात. कैरोच्या जुन्या सिनेगॉगची अशी कोठडी १८९६ नंतर अभ्यासकांनी उपसली तर लाखांवर कागद निघाले. प्रार्थना तर होत्याच, पण पत्रं आणि हिशेबही होते. बाराव्या शतकात मंगळूरला राहणाऱ्या बेन यिजू नावाच्या व्यापाऱ्याची पत्रं त्यातच सापडली, ज्यांत एडनहून त्याच्यासाठी साखर आणि मनुका पाठवल्याचा उल्लेख आहे. मनुका तेव्हाही बोटीनंच यायच्या!

आणि आपण? लग्नाच्या पत्रिकेवर वर भगवंतांचा फोटो, खाली णमोकार मंत्र, आणि लग्न झालं की पत्रिका रद्दीत. माझ्या कपाटाच्या वरच्या खणात अशा पत्रिकांची पिशवी आहे. टाकवत नाहीत, ठेवायला जागा नाही, पाण्यात सोडायच्या तर तिथल्या जीवांचं पाप. तेव्हा पत्रिका छापतानाच हात आवरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला राग आला तर येऊ दे.

पण मला ज्या नावाबद्दल लिहायचंच होतं ते वेगळंच.

माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला पावसाळ्यात डेंग्यू झाला. प्लेटलेट्स रोज खाली जात होत्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी बाकावर बसले होते, मावशी शेजारी. सूर्य मावळायच्या आत चार घास खाऊन घे म्हणून त्यांनीच डबा आणला होता, मऊ मुगाची खिचडी, कांदा-लसूण वगळून. मी णमोकार म्हणत होते. मावशी म्हणाल्या, "तुला हागारची गोष्ट सांगू?"

हागार ही अब्राहामची बायको सारा हिची दासी. तिच्यावर मालकिणीचा जाच झाला म्हणून ती पोटुशी असताना पळून गेली. वाळवंटात झऱ्यापाशी देवाच्या दूतानं तिला गाठलं, तिच्या नावानं हाक मारली, धीर दिला. तेव्हा त्या दासीनं देवाला नाव ठेवलं, 'एल रोई', मला बघणारा देव. मोठमोठे पुरुष त्या ग्रंथात देवाला नाव विचारतात. या मोलकरणीनं विचारलं नाही, तिनं दिलं. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव इश्माएल, 'देव ऐकतो'. पुन्हा एकदा घराबाहेर काढल्यावर, पाणी संपल्यावर, तिनं पोराला झुडपाखाली ठेवलं आणि लांब जाऊन बसली, कारण त्याचा जीव जाताना तिला बघवणार नव्हता. तेव्हा देवानं पोराचा आवाज ऐकला आणि तिला विहीर दिसली.

मी म्हटलं, "मावशी, आमच्यात असा येणारा कोणी नाही."

"म्हणजे?"

"अरिहंत सगळं जाणतात, सगळं बघतात. पण ते वीतराग. त्यांना राग नाही तसा लोभही नाही. कुणासाठी धावून येत नाहीत."

"मग तू इतका वेळ कोणाला हाक मारतेस?"

"हाक नाही मारत. नमस्कार करते." खरंच, णमो म्हणजे नमस्कार. पस्तीस अक्षरांत मागणं एकही नाही. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की नावही एकही नाही. ना महावीर, ना आदिनाथ. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू, या सगळ्या पदव्या. त्यांच्याकडे नाव आहे आणि ते घ्यायचं नाही. आपल्याकडे चोवीस नावं आहेत, आणि सगळ्यात मोठ्या मंत्रात एकही घेतलेलं नाही.

मावशी गप्प राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "आणि रडतेस कोणापाशी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्यांच्याच खांद्यावर रडले. त्यांनी डोळ्यांवर हात ठेवून शेमा म्हटली, मी माळ पुढे चालू ठेवली.

दोन दिवसांनी प्लेटलेट्स वर चढू लागल्या. डॉक्टरांनी वेळेवर सलाईन दिलं, नर्सनी रात्र-रात्र लक्ष ठेवलं. मी कोणाच्या देवाच्या नावावर ते मांडत नाही. पण त्या रात्री बघणारा देव मला हवा होता, हे मी लपवणार नाही. तुमच्यापैकी किती जणींना अशा वेळी तो हवासा वाटला असेल, मला ठाऊक आहे. मंदिरात आपण ते बोलत नाही एवढंच.

पुढे मी आचार्य जिनसेनांचं जिनसहस्रनाम नीट अर्थासह वाचायला घेतलं, १००८ नावं. सुरुवातीलाच एक नाव आहे 'विश्वतश्चक्षु', सगळीकडे डोळे असलेला. आधी कितीदा ते माझ्या तोंडून गेलं असेल. आता चतुर्दशीला वाचताना तिथे जीभ जरा थांबते. तो बघतो. हागारकडे आला तसा येत नाही. एवढ्यावर माझं भागतं का? काही दिवस भागतं, काही दिवस नाही.

मावशी आता मुलाकडे अश्दोदला असतात. जाताना त्यांनी मेझुझा काढून नेली, कारण फ्लॅट ज्यांनी घेतला ते दुसऱ्या धर्माचे. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये शेवटचं जाऊन आल्या तेव्हा मलिद्याचा डबा आणला होता, पोहे, खोबरं, साखर, वेलची. दिवस मावळायच्या आत आणला होता, हेही सांगायला हवं. रविवारी त्यांचा फोन येतो. आधी मुलाची चौकशी, तो आता इंजिनिअरिंगला आहे. मग नेहमीचा प्रश्न.

"आणि तुझा तो सगळीकडे डोळे असलेला काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही, मावशी."

"बरं. बघतोय ना?"

"बघतोय."