वाचतो, पण सांगत नाही

तीन वर्षांचं मूल पाट्या वाचू लागलं, की घर हरखून जातं. चेन्नईत लोकलच्या स्टेशनांवर नावं तमिळ, हिंदी आणि इंग्रजीत असतात. मराठी आई कौतुकानं सांगते, "मॅडम, बीच ते तांबरम सगळी स्टेशनं वाचतो, कुणी शिकवलं नाही." मग आवाज खाली येतो, "पण तहान लागली, की नुसता हात धरून ओढतो." वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून माझं काम या दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतं.

अशा वाचनाला सिल्बरबर्ग दांपत्यानं १९६७ साली 'हायपरलेक्सिया' हे नाव दिलं. अक्षरं ओळखण्याचा वेग मोठा, अर्थ मात्र मागे. ते पाहायला मी कार्डावर लिहिते, 'चेंडू टोपलीत टाक', आणि दोन्ही वस्तू समोर ठेवते. मूल वाक्य खणखणीत वाचतं, चेंडूला हातही लावत नाही. "तुला काय हवं?" असं विचारलं, तर तोच प्रश्न माझ्याच सुरात परत येतो.

लवकर वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला अडचण असतेच असं नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॅरोल्ड ट्रेफर्ट यांनी अशा मुलांचे तीन गट मानले: फक्त लवकर वाचणारी मुलं, स्वमग्न मुलं आणि स्वमग्नतेसारखी लक्षणं पुढे ओसरणारी मुलं. पहिल्या भेटीत गट ठरवायची घाई मी करत नाही. आधी श्रवणचाचणी, मग विकासाची पूर्ण तपासणी.

बोलणं मागे राहिल्याचा दोष पालक देतात तो मराठी, तमिळ, इंग्रजीच्या सरमिसळीला. दोन-तीन भाषा ऐकल्यानं भाषाविलंब होत नाही. मुलाशी मराठीत बोलणं थांबवू नका, आजीची माया त्याच भाषेत पोचते.

अक्षरं लपवूही नका. तीच आमची वाट. पेल्याजवळ 'पाणी दे' अशी चिठ्ठी ठेवायची. मुलानं वाचलं, की आईनं लगेच पाणी द्यायचं, म्हणजे शब्दाला उपयोग आहे हे त्याला कळतं. पुढे चिठ्ठी अर्धी दुमडायची, मग काढून घ्यायची. मागणं ओठांवर येऊ लागतं. 'आधी जेवण, मग झोका' असं लिहून ठेवलं, तर हट्टही निवळतो.

दोन वर्षांचं मूल स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, तर ते कितीही पाट्या वाचत असो, तपासणी करून घ्या. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला बहुविकलांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, शहरात कोट्टूरपुरमला 'विद्यासागर' ही अपंगांसाठीची संस्था आहे. "एवढं वाचतोय, बोलेल की हळूहळू," या भरवशावर त्याचं वर्ष वाया घालवू नका.