बक्षिसाच्या उंबरठ्यावर

2023 साली लास वेगासच्या पोकर जागतिक मालिकेत मुख्य स्पर्धेला 10,043 जण बसले. प्रवेश 10,000 डॉलर; बक्षीस 1,507 जणांना, किमान 15,000. बक्षिसाआधीच्या टप्प्याला 'बबल' म्हणतात. तिथं मधल्या फळीतले चांगली पानंही टाकून देतात, आपल्याआधी कमी चिपांवाला बाहेर पडावा म्हणून. चिपा दुप्पट झाल्या तरी बक्षीस दुप्पट होत नाही. गेल्या तर सगळंच जातं. हे हेरून मोठ्या ढिगाचा मालक हलक्या पानांवरही बोली चढवत सुटतो. (सावकाराला हे शिकवावं लागत नाही.)

जुगार हराम, यावर माझ्याकडे चर्चा नाही. पण बारावीतला भाचा म्हणतो, "मामू, हा नशिबाचा नाही, डोक्याचा खेळ आहे." डोकं लागतं, हे मान्य. पण ते समोरच्याच्या भीतीवर चालतं. आणि उरलेल्या 8,536 जणांकडे डोकं नव्हतं का, हे विचारल्यावर तो अजून बोललेला नाही.