काचेतला टवका

ताम्हिणी उतरून माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला लागलं की पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. गणपतीच्या आधी खड्ड्यांत खडी भरून वेळ मारून नेतात आणि चार सरी पडल्या की ती खडी रस्ताभर होते. आपण अंतर ठेवतो, पण समोरून येणाऱ्या डंपरच्या चाकाखालचा खडा काही ते मोजत बसत नाही. चिपळूणला जाताना असाच एक खडा पुढच्या काचेवर बसला. आवाज असा झाला की शेजारी बसलेल्या भाच्याने डोकं खाली घातलं. गाडी बाजूला घेऊन पाहिलं तर खूण एक रुपयाच्या नाण्यात मावेल एवढीच होती. मधे बारीक खड्डा, भोवती चंदेरी गोल आणि त्या गोलातून बाहेर निघालेले तीन पाय.

पाऊस जरा थांबला होता. काच कोरडी पुसून टवक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि निघालो. टवका नंतर नीट भरला जाणार की नाही, हे बरंचसं या पट्टीवर ठरतं असं माझं मत आहे. वायपर रस्त्याचं तेलकट पाणी त्या खड्ड्यावरून ओढत राहतो, चिखल आत मुरतो, आणि मग कितीही भारी रेझिन भरलं तरी काळा डाग आतच राहतो. गावाहून परतेपर्यंत पट्टी दोनदा निघाली, दोन्ही वेळा पुन्हा लावली.

गाडीची पुढची काच एकसंध नसते. सुमारे दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्या मधे पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लॅस्टिकचा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा पडदा, अशी तिची रचना. फुटलेल्या काचेचे तुकडे या पडद्याला चिकटून राहतात, अंगावर येत नाहीत. मधे पडदा घालण्याची कल्पना एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच माणसाची, त्याचं पेटंट १९०९ सालचं. तेव्हा मधे सेल्युलॉइड असायचं आणि ते उन्हाने पिवळं पडायचं. खडा लागतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच फुटते. आतून टवक्याच्या जागी नख फिरवून पाहायचं. गुळगुळीत लागलं तर दुरुस्तीची आशा आहे, खरखरीत लागलं तर विषय संपला. दारांच्या आणि मागच्या काचेचं बहुतेक गाड्यांत निराळं असतं. ती टेम्पर्ड काच फुटली की तिचे मणी होतात, तिथे भरायला काही उरतच नाही.

टवक्याची भीती वाटायची ती त्याच्या पायांमुळे. काच मुळात चांगली मजबूत असते, तिला खाली आणतात त्या बारीक चिरा, हे ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ मध्ये दाखवून दिलं. चिरेच्या टोकाशी सगळा ताण एकवटतो. कापडाला कात्रीने छेद दिला की पुढे ते हाताने टर्रकन फाटतं, तसंच हे. त्यात काचेच्या बाबतीत पाणीही वैरी आहे. चिरेच्या टोकाशी पोचलेली ओल तिथले सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बंध सैल करते, त्यामुळे कोरड्या हवेत जी चीर गप्प बसली असती ती दमट हवेत हळूहळू पुढे सरकते. कोकणातला श्रावण म्हणजे तिच्यासाठी मेजवानीच. वर आपण भर उन्हात तापलेल्या काचेवर आतून एसीचा झोत सोडतो, किंवा गार काचेवर डीफॉगरची गरम हवा. रात्री बोटभर असलेली चीर सकाळी हातभर झाली असं लोक सांगतात, ते अगदीच थापा मारत नसतात.

पुण्याला आल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. सोसायटीतले एक काका म्हणाले, "टूथपेस्ट घास, जाते." दुसऱ्यांनी फेविक्विक सुचवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी रंगहीन नेलपॉलिशची बाटलीच आणून दिली. टूथपेस्टने फार तर वरवरचा ओरखडा मंदावेल. झटपट गोंद ओलाव्याने घट्ट होतो, म्हणजे चिरेच्या तोंडाशीच आवळून बसतो, आतपर्यंत जातच नाही. शिवाय एकदा तो आत गेला की खऱ्या रेझिनची वाट बंद. नेलपॉलिश मी काकूंना परत दिली, पण दोन दिवस पाणी अडवायला ती अगदीच वाईट नाही हे त्यांना सांगितलं, कारण त्या हौसेने आल्या होत्या.

काचवाल्याने गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, कशाला डोक्याला ताप? बदलून टाका. इन्शुरन्स आहे ना?" इन्शुरन्स होता. काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, हेही खरं. पण पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्यामागे एक हजार रुपये आपल्या खिशातून जातात, आणि दावा केला की नो क्लेम बोनसवर पाणी सोडावं लागतं. तो वाचवणारं जादा कव्हर असेल तर गोष्ट वेगळी, आमच्याकडे नव्हतं. पाच वर्षं दावा न करता तो बोनस ५० टक्क्यांवर नेलेला. रुपयाएवढ्या टवक्यासाठी तो घालवायचा जिवावर आलं. शिवाय कारखान्यात बसवलेली काच शक्यतो हलवू नये असं मला वाटतं. तिचं सील पुन्हा तसंच बसेल याची खात्री कोण देणार? हल्लीच्या काही गाड्यांत तर आरशामागे कॅमेरा असतो. काच बदलली की तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. आमची गाडी जुनी, ती कटकट नव्हती.

टवका चालकाच्या अगदी नजरेसमोर असता तर मी या भानगडीत पडलो नसतो. भरल्यानंतरही पुसटशी खूण उरते आणि रात्री समोरच्या दिव्यांत ती चमकते. काचेच्या कडेजवळ असता तरी नाही, कारण कडेला ताण जास्त असतो. आमचा टवका पॅसेंजरच्या बाजूला, कडेपासून लांब, ताजा आणि झाकून ठेवलेला होता. किट काही शे रुपयांत मिळालं. त्यात चार रबरी चूषकांवर उभा राहणारा एक छोटा स्टँड, मधे आट्यांची नळी, तिच्यात फिरणारा दट्ट्या, काळ्या बाटलीत रेझिन, पारदर्शक प्लॅस्टिकचे चौकोन आणि एक ब्लेड होतं.

बाटली काळी का, हे कळलं की अर्धं काम समजलं. हे रेझिन अतिनील किरणांनी घट्ट होतं. उन्हात काम सुरू केलं तर ते चिरेत शिरायच्या आतच धरायला लागतं, आणि तापलेल्या काचेवर चिराही नीट उघडत नाहीत. म्हणून गाडी तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये घेतली. आधी काच कोरडी करायची होती. दोन दिवस पट्टी काढून, गाडी पार्किंगमध्ये ठेवून, मधूनमधून आतून हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून दिली. गरम हवा जवळून मारायची नाही, चीर तिथल्या तिथे पळते. मग शिवणाच्या सुईने खड्ड्यातली सुटी कच टिपून काढली. साबणाचं पाणी किंवा काच पुसायचा फवारा वापरला नाही. त्यातलं काहीबाही चिरेत राहतं आणि रेझिन तिथे धरत नाही.

भाचा आत बसला, टॉर्च आणि आरसा घेऊन. मी बाहेरून स्टँड बसवला. नळीचं तोंड बरोबर खड्ड्यावर आलं पाहिजे, केसभरही इकडेतिकडे नाही, आणि रबराची कड काचेला टेकली पाहिजे. टेकली म्हणजे फक्त टेकली. जास्त आवळलं तर चिरांवर दाब येऊन त्या मिटतात, रेझिनला जायला वाटच राहत नाही, किंवा उलट पाय लांबतो. हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हीच जागा.

चार-पाच थेंब रेझिन टाकलं आणि दट्ट्या आट्यांवर खाली फिरवला. दाबाने रेझिन आत जातं. थोडा वेळ थांबून दट्ट्या वर घ्यायचा, म्हणजे आत पोकळी तयार होते आणि चिरेत अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येते. मग पुन्हा दाब. आतून भाचा सांगत होता, "मामा, गोल गेला. अरे खरंच गेला!" गोल म्हणजे तो चंदेरी डाग. तो दिसतो काचेत अडकलेल्या हवेमुळे. काच आणि हवा यांचा अपवर्तनांक निराळा, त्यामुळे त्या सीमेवरून प्रकाश उसळून आपल्याकडे येतो. रेझिनचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास, दीडच्या आसपास असतो. हवा गेली, रेझिन आलं की सीमाच पुसली जाते आणि डोळ्यांना तिथे काही दिसत नाही.

पाय मात्र हट्टी. दोन पाय टोकापर्यंत भरले, तिसऱ्याचं टोक कोरडं राहिलं. टॉर्चच्या उजेडात तेवढा तुकडा लखलखत होता. चिरेच्या टोकाशी जागा इतकी अरुंद असते की रेझिनला तिथे पोचायला वेळ लागतो, आणि किटवरच्या कागदात लिहिलेली मिनिटं या कामी काही उपयोगाची नाहीत. दाब, थांबा, पोकळी, थांबा, असं करत दुपार गेली. मधे चहा झाला. शेवटी भाच्याने आतून त्या टोकाच्या मागे अंगठ्याने अलगद दाबलं, काच किंचित लवली, चीर उघडली आणि रेझिन सरसर पुढे गेल्याचं मला बाहेरून दिसलं. हे पाहायला मिळालं म्हणून त्या दुपारचे पैसे वसूल. एक बारीक बुडबुडा काही केल्या निघाला नाही. तो चिरेच्या टोकाशी नसून खड्ड्याच्या कडेला होता, म्हणून त्याचा नाद सोडला.

स्टँड काढून खड्ड्यावर आणखी एक थेंब, त्यावर प्लॅस्टिकचा चौकोन, आणि गाडी बाहेर. आता ऊन हवं, तर आभाळ भरलेलं. ढगांतूनही अतिनील किरण येतात, पण कमी. कागदावर लिहिलेल्या वेळेच्या कितीतरी पट वेळ गाडी उघड्यावर ठेवली, वर पाऊस आला तर म्हणून मी छत्री घेऊन उभा. येणारेजाणारे विचारत होते, "गाडीला छत्री?" किरण बाहेरूनच यावे लागतात, आतून दिवा लावून भागत नाही, कारण मधला पडदा अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. रेझिन कडक झाल्यावर ब्लेड काचेला काटकोनात धरून वरचा फुगवटा खरवडला. तिरपं धरलं तर भरलेलंच उचकटून येतं.

मधला खड्डा अजून दिसतो. कुठे पाहायचं हे ठाऊक असलं तर पायांच्या जागी केसासारख्या रेषाही सापडतात. काच नव्यासारखी होईल ही अपेक्षा ठेवून हे करू नये. चीर पुढे सरकायची थांबते, हा खरा लाभ. त्यानंतरचा उन्हाळा पुण्यात चाळिशी गाठून गेला, गाडी दुपारी उन्हात उभी राहिली, पाय होते तिथेच आहेत.

याच्या जोरावर ताईने फोन केला, "तुला येतं ना, माझ्या गाडीचं पण बघ." तिच्या काचेला खालच्या कडेपासून निघालेला वीतभर तडा होता, किती जुना ते तिलाही आठवेना, आणि आत धूळ बसून तो करडा पडलेला. किट डिकीतून काढलंसुद्धा नाही. काच बदलायला सांगितलं. तिने बदललीही. काचवाल्याने एक दिवस दार जोरात आपटू नका, एक खिडकी थोडी उघडी ठेवा, प्रेशरने धुऊ नका, असं नीट समजावून दिलं, कारण काच ज्या गोंदावर बसते तो पक्का व्हायला वेळ घेतो. फास्टॅगचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. तो जुन्या काचेवर चिकटलेला होता, काचेबरोबर भंगारात गेला. साताऱ्याला निघालेल्या ताईने पहिल्याच टोलनाक्यावर रोख दुप्पट टोल भरला आणि तिथूनच मला फोन केला.